सोवळ्यातलं इंजिन

ये गं, अशी उंबऱ्यात काय उभी, जवळ सरक, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही हे माहीत आहे ना तुला? आणि आधी सांग, एका शहरात राहून चार-चार महिने तोंड दाखवत नाहीस, ही कुठली रीत? बस. कागद काढ. आणि मध्ये टोकू नकोस, टोकलंस की मी भलतीकडेच जाते.

माझा जन्म ब्रह्मा घाटावरचा. वडील वैदिक, सकाळपासून विद्यार्थी संथा घ्यायला बसत, मी भिंतीआड डाळ निवडत ऐके, कुणाचा स्वर चुकला की वडिलांच्या आधी मला कळे, पण बोलायची सोय नव्हती, मुलीची जात. तेराव्या वर्षी लग्न होऊन बालाजी घाटाजवळ आले, हाकेच्या अंतरावर. सासरही भिक्षुकाचं, सगळे पोथीवाले, आणि आमचे हे मात्र मोटारीचे वेडे. एका राजेसाहेबांच्या गॅरेजात मिस्त्री झाले. सासरे म्हणाले, कुळात लोखंड शिरलं. मला हसू यायचं. ह्यांनी मला वाचायला शिकवलं ते मोटारीच्या हिंदी पुस्तकावरून, हे पिस्टन, हे बेअरिंग, चित्राखालचं अक्षर लाव. रामरक्षा नंतर वाचली मी, काय सांगू तुला!

तर राजेसाहेबांना शौक वेगाचा. छावणीतले गोरे साहेब दर थंडीत ग्रँड ट्रंक रोडवर सरळ तुकडा बघून मैल मोजत, दोन टोकांना घड्याळवाले उभे, कुणाची मोटार मैल कमी वेळात काढते ते बघायचं. राजेसाहेब म्हणाले, पंडित, मला ह्यांच्या नाकावर टिच्चून जिंकायचंय. झालं, हे पेटले. मोटारीचे मडगार्ड काढले, मागची गादी काढली, वजन कमी व्हावं म्हणून दिवेसुद्धा काढले, इंजिनाचं डोकं घासून घासून पातळ केलं म्हणजे आतला दाब वाढतो, आणि तेल घातलं एरंडेल. चांगलं एरंडेल, तेल्याकडून काढवून आणलेलं, मी जुन्या रेशमी सोवळ्याच्या तुकड्यातून चारदा गाळून द्यायची. कितीही तापलं तरी ते पातळ पडत नाही, बेअरिंगला धरून राहतं.

आता गंमत अशी की घरात सगळ्यांना वाटे, एरंडेल सासूबाईंमुळे. हे इंजिनाचे भाग घरी आणून अंगणात धूत, आणि सासूबाईंनी सांगून टाकलेलं, विलायती डब्यातलं तेल ह्या घरात यायचं नाही, त्यात कसली चरबी असेल कोण जाणे. हे नुसते मान डोलवत. खरं कारण मला एकटीला नंतर दाखवलं त्यांनी, वाटीत थोडं एरंडेल, थोडं डब्यातलं तेल, आणि घराबाहेर चूल मांडून तिच्यावर ठेवलं. थोड्या वेळानं बघते तर चिकट राळ, चमचा ओढला तर सुटेना. म्हणाले, बघ, ही दोन तेलं एकमेकांत गेली की इंजिन मेलं.

मोटार चालवायला होते वामन भाऊजी, माझे चुलत दीर, ह्यांनीच गॅरेजात लावून घेतलेले. पहिल्या थंडीत साहेब हरले, आपली मोटार सगळ्यांत वेगवान. राजेसाहेबांनी सगळ्यांसमोर ह्यांच्या पाठीवर हात ठेवला, मिस्त्री हा असा असतो. भाऊजींचा चेहरा मी बघितला होता, चालवणाऱ्याला कुणी विचारलंच नाही.

त्यानंतर महिन्याभरातलीच गोष्ट. हे पुढे हँडल मारत होते, भाऊजी आत बसलेले. तुला माहीत नसेल, त्या मोटारीत ठिणगीची एक दांडी असे, हँडल मारताना ती मागे ओढून ठेवायची, पुढे राहिली तर हँडल उलटं झटकतं. दांडी पुढे होती. हँडल उलटं आलं आणि ह्यांचं उजवं मनगट मोडलं, हाड असं बसलं की पाना धरता येईना. भाऊजी म्हणाले, दादा, चुकून सरकली. हे म्हणाले, असू दे रे. मी नाही म्हटलं असू दे. दुसऱ्या दिवशी भाऊजी हेडमिस्त्री, आणि वर्षाच्या आत गावात सांगत हिंडू लागले की इंजिन मुळात मीच बांधलंय, दादा नुसता सोवळ्यात तेल गाळायचा!

पुढच्या थंडीत साहेबांची नवी मोटार लखनौहून शर्यतीला येणार होती. पंधरा दिवस आधी भाऊजी आले, मी तुळशीला पाणी घालत होते. म्हणाले, वहिनी, एक विचारू? ते एरंडेल काकूच्या सोवळ्यापायीच होतं ना? वास मारतं फार, साहेब लोक हसतात, वरून विलायती तेल घालावं म्हणतो. हे आत झोपलेले, जागे असते तर धावत आले असते. मी तांब्या खाली ठेवला आणि म्हटलं, सोवळंच ते भाऊजी, दुसरं काय, घाला की.

शर्यतीला ह्यांना घोड्याच्या एक्क्यातून मीच घेऊन गेले. मला बघायचं होतं. मोटार सुटली, लांबून आवाज आला आणि मला स्वर चुकलेला कळला, जाडा, घसा बसल्यासारखा. ह्यांनाही कळला, कशानं चुकला तेही. उठले आणि मोडका हात हलवत रस्त्यात धावले, थांब वामन, थांब, तेल मिसळलंय! कोण ऐकतं. इंजिन जाम, मागची चाकं जाम, मोटार गर्रकन फिरून अरहरच्या, म्हणजे आपल्या तुरीच्या, शेतात. भाऊजी खरचटून बाहेर आले, राजेसाहेबांनी तिथल्या तिथे नोकरीवरून काढलं. मला वाटलं, आता हे माझ्याकडे बघतील, हसतील.

हे बॉनेटवर हात ठेवून रडत होते. मग वळले. तू सांगितलंस त्याला ते तेल घालायला? मी म्हटलं, हो. म्हणाले, त्याला मारायचं होतं तर त्याला मारायचं होतंस, माझं इंजिन का मारलंस? श्रावण येईपर्यंत बोलले नाहीत माझ्याशी.

हे गेले तेव्हा भाऊजी दारात आले होते. वहिनी, देवाशपथ, दांडी चुकून सरकली. मी म्हटलं, बरं, मग माझ्याही तोंडून चुकूनच गेलं. चहा विचारला नाही.

पस्तावा म्हणशील तर इंजिनाचा आहे, अजून आहे, त्यांच्यासाठी. भाऊजींचा अजिबात नाही. दोन गल्ल्या सोडून राहतात, काठी टेकत घाटावर जातात, मी खिडकीतून रोज बघते अजून जातात का. त्यांच्याआधी मी जायची नाही, हे मी ठरवलंय, विश्वनाथालाही सांगून ठेवलंय. तू मात्र असे चार महिने लावू नकोस गं. ह्याच आठवड्यात ये, वर थेट माझ्या खोलीतच ये.