फायकसचा शेंडा

मानवतच्या एसटीत निकिताच्या मागच्या सीटवर सासूसुनेचं बोलणं रंगलं होतं.

"हॉलमधल्या झाडाला कात्री कामून लावलीस?"

"फायकस हाय ते, मामी. पंख्याला लागायलं होतं."

"कापल्यावर दूध आलं का?"

"आला की चीक."

"म्हंजी वडाच्याच जातीचं. औंदा वटपौर्णिमेला मी त्यालाच सूत गुंडाळलं."

"घरातल्या कुंडीला?"

"उन्हात वडापर्यंत कोण जातंय? सात जन्म तुझे मामंजीच नवरा म्हणून मागितले मी. त्या जन्मांचं आता काय?"

"मी नुसता शेंडा छाटलाय, मामी. गेला असंल तर शेवटचा जन्म गेला असंल."

हसू दाबायला निकितानं पदर तोंडाला लावला.

"अर्पिता, कात्रीला धार हाय ना?"

"हाय की. कामून?"

"घरी गेल्यावर अजून थोडं खालून छाट."