समुद्रातली पऱ्हाटी

पोवळं म्हणजे अंगठीतला खडा, एवढंच मले ठावूक होतं, लेकहो. बोंडअळीनं माही सारी कपाशीची पऱ्हाटी खाल्ली, त्याच साली समुद्रातल्या जीवांवर शिकणारी भाची सुमी आमच्या बोरी गावाले आली. आमचा किसन मिस्त्री विहिरीच्या रिंगा ओतते, त्याच्याकडून तिले समुद्रात ठेवायचा सिमेंटचा घुमट पाह्यजे होता. म्हणे, "मामा, यावर पोवळं वाढते."

मी म्हटलं, "वाढलं का मामीच्या अंगठीसाठी धाडजो!"

किसननं सवयीनं घुमट घोटून आरशासारखा केला. सुमी रडकुंडीले आली. "गुळगुळीतवर पोवळ्याची पिल्लं टिकत नाहीत, मामा! सारी मेहनत गेली!"

सिमेंट ओलंच होतं. मी वाळल्या पऱ्हाटीची जुडी उचलली अन् ओरखडे पडेस्तोवर घुमट झोडपून काढला.

दोन वर्षांनी सुमीनं फोटो दाखवला. पऱ्हाटीच्या एकेका ओरखड्यात गुलाबी पोवळं फुललेलं.

किसन हळूच म्हणाला, "भाऊ, वावरात न धरलेली बोंडं तिथं धरली!"