सुनावणी घरी होईल

ऊर्जा : नको बाबा, तो काळा रोब नको. आज शर्ट पुरे.

प्रताप : ते मला सांगू नका, बाई. घरच्या सुनावणीला रोब घालायचा नसतो. माणूस आधीच घाबरलेला असतो. मी फक्त रोब जागेवर आहे ना, ते बघत होतो.

ऊर्जा : आहे. तुमचाच आहे.

प्रताप : आज कुणाची केस?

ऊर्जा : एक... म्हातारा माणूस.

प्रताप : वृद्ध गृहस्थ म्हणावं. मुलंबाळं?

ऊर्जा : एक मुलगी.

प्रताप : मग जपून विचारा. मुलगी समोर असली की बाप खरं बोलत नाही. तिला वाईट वाटेल म्हणून.

मैत्रेयी : येऊ का? दार उघडंच होतं. मी मैत्रेयी, कोर्टाने पाठवलेली दुभाषी. इथेच हायडेलबर्गला पीएचडी करते. नमस्कार काका.

प्रताप : मराठी दुभाषी? वा! आमच्या वेळी शोधून सापडत नसे. बसा. मी चष्मा घेऊन येतो, चष्म्याशिवाय मला नीट ऐकू येत नाही.

मैत्रेयी : ताई, काका आत आहेत तोवर विचारते. ते स्वतः इथले जज होते ना? मग दुभाषी कशाला, असं वाटलं मला.

ऊर्जा : मेंदूचा झटका आला, त्याच्यानंतर जर्मन गेलं. सगळं. मी वाट बघितली, येईल, येईल. डॉक्टर म्हणाला, आता नाही येणार. मराठी तेवढं राहिलं.

मैत्रेयी : आणि आधी फोलमाख्ट लिहून ठेवलं नव्हतं? माझ्या वतीने अमकी व्यक्ती सह्या करेल, असं?

ऊर्जा : तेच ना! त्यांचं कामच हे होतं. म्हाताऱ्या लोकांच्या घरी जायचं, विचारायचं, तुमचे निर्णय कोणी घ्यायचे. आणि सगळ्यांना सांगायचं, वेळेवर फोलमाख्ट करा. स्वतःचं केलं नाही. मुलगी आहे की मला, कागद कशाला, म्हणायचे. आता बँकेत मी कोणी नाही. हॉस्पिटलमध्ये कोणी नाही.

मैत्रेयी : म्हणून आजची सुनावणी.

ऊर्जा : हो. कोर्ट त्यांना विचारणार, कोण पाहिजे. त्यांनी मला नको म्हटलं, तर कोणीतरी परका येईल. बाबांना कुठे ठेवायचं, ते तो ठरवणार. मैत्रेयी, मला खूप भीती वाटते.

मैत्रेयी : असं कसं नको म्हणतील? तुम्ही इतकं करता त्यांचं.

ऊर्जा : मराठीसुद्धा त्यांच्यासाठीच शिकले. बेळगावच्या एक बाई आहेत, ऑनलाइन शिकवतात.

(बेल वाजते. न्यायाधीशबाई फ्राउ फोग्ट येऊन बसतात. प्रताप चष्मा लावून समोर बसतात. फ्राउ फोग्ट जर्मनमध्ये बोलतात, मैत्रेयी ते मराठीत सांगते.)

मैत्रेयी : न्यायाधीशबाई विचारतायत, त्या कशासाठी आल्यात ते तुम्हाला कळतंय का?

प्रताप : कळतंय की. पण त्यांना म्हणावं, खुर्ची अशी समोर नको, माझ्या बाजूला घ्या. समोर बसलं की माणसाला वाटतं, आपण काही गुन्हा केलाय.

मैत्रेयी : घेतली त्यांनी. त्या विचारतायत, तुम्ही काय काम करायचात?

प्रताप : मिरजेला वकील होतो. इथे आलो तर ती सनद कोणी विचारेना. मग पोराटोरांच्या बाकावर बसून कायदा पुन्हा पहिल्यापासून शिकलो. फ्रँकफर्टला परदेशी लोकांची वकिली केली. मग न्यायाधीश. त्यासाठी भारताचा पासपोर्ट परत करावा लागला. माझे वडील, अण्णा, म्हणाले, आता तू आमचा नाहीस. मी फोनवर सांगत राहिलो, अण्णा, मी तोच आहे हो. त्यांना काही ते पटलं नाही. तसेच गेले.

मैत्रेयी : त्या विचारतायत, यापुढे तुमचे निर्णय कुणी घ्यावेत, असं तुम्हाला वाटतं?

प्रताप : माझ्या मुलीने. ऊर्जाने. दुसरं कुणीही नको.

ऊर्जा : गॉट झाय डांक, देवाची कृपा! थँक्यू, बाबा.

मैत्रेयी : त्या विचारतायत, ऊर्जा आत्ता या खोलीत आहेत का?

प्रताप : नाही.

मैत्रेयी : मग... या कोण?

प्रताप : या बाई रोज येतात. जेवू घालतात, पाय चेपतात. फार मायाळू आहेत हो. पण माझी मुलगी असताना यांच्या गळ्यात कशाला माझं ओझं?

ऊर्जा : बाबा, मीच ऊर्जा. बघा ना माझ्याकडे.

प्रताप : बाई, न्यायाधीशांसमोर असं बोलू नये. माझी ऊर्जा मराठी बोलत नाही. मी मराठीत विचारायचो, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. एकदा चिडून म्हटलं, मराठीत बोल, नाहीतर बोलूच नकोस. पोरगी अबोला धरून बसली. शेवटी मीच हात टेकले. बोल बाई, तुला हवं तसं बोल, पण बोल. मला ती पापा म्हणते.

ऊर्जा : पापा! पापा, इश बिन्स डोख!

प्रताप : काय म्हणाल्या त्या?

मैत्रेयी : त्या म्हणाल्या... पापा, मीच आहे हो.

प्रताप : रडतायत त्या. जरा थांबू या आपण. बाई, आधी पाणी प्या. मग तुमचं काय म्हणणं आहे, तेही ऐकून घेऊ.