विटकरी रंग

हॅलो?… हॅलो, कोण?… हौसा? हो, मी बकुळाच. जरा मोठ्यानं बोल गं, खाली अन्सारीचाचांच्या दुकानात आलेय, मागं कापडाचे लूम चालू आहेत… चाचा, छोटी बहन है, नाशिक से. दो मिनट… हं, बोल.

आबा? झोपलेत वर. आई बसलीय शेजारी… भर दुपारी म्हणजे काय, हल्ली झोपतातच. राहनाळच्या गोडाऊनमध्ये पडल्यापासून कंबर साध्या गोळीला जुमानेना, म्हणून डॉक्टरांनी ही जबर गोळी दिलीय ना. तिची गुंगी… हो, अफूच्या जातीची. अगं घाबरतेस काय, चिठ्ठीवर लिहून दिलीय त्यांनी.

बरं झालं तूच फोन केलास. एक कोडं पडलंय मला. अगं ऐक ना… आबांची साखर मी घरी बघते, माहितीये ना? हो, तेच ते. निळं औषध काचेच्या नळीत घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे आणि स्टोव्हवर उकळायचं… हस तू. आईपण नाकाला पदर लावते. पण रंग बदलताना बघायला मला आवडतं. निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी म्हणजे फार. आबांचं इतकी वर्षं हिरव्याच्या पुढं गेलं नव्हतं. आता बघावं तेव्हा वीट.

तेच तर. डायबेटिसची गोळी तीच, भाकरी तीच. नवीन काय, तर ही दुखण्याची गोळी. मग मला वाटलं, हीच साखर वाढवते की काय?… विचारलं ना डॉक्टरांना. मला वाटलं हसतील. नाही हसले. म्हणाले, असं वाचलंय खरं, पण खात्रीनं कुणाला माहीत नाही. दुखण्यानंही साखर चढते म्हणाले. आधी पोटात काय जातंय ते बघा, आणि पुढच्या आठवड्यात रक्त तपासू.

मग काय, घातलं लक्ष. चहा बिनसाखरेचा. आंबा घरात आणला नाही. पौर्णिमेला विहारात खीर होती, आईनं त्यांना वाससुद्धा लागू दिला नाही. उशीखाली पेढे आहेत का तेपण बघितलं मी… हो, बघितलं. विडीचं बंडल निघालं, ते वेगळं.

काय?… पोट? हो, त्या गोळीनं पोट अगदी बांधल्यासारखं झालं होतं. आता होतं साफ… हो, होतं म्हणते ना. पण तुला का एवढी चौकशी त्यांच्या पोटाची?

कसला गुण आला?… काय दिलंस?… हॅलो, लूमच्या आवाजात ऐकू नाही आलं. परत बोल.

गुलकंद.

कधी? तू येऊन गेलीस तेव्हा?… आणि बरणी आईकडे दिलीस… दुधातून, दोन्ही वेळेला. अजून चालू आहे?… अगं हौसा, त्यात साखरच असते की गं. पाकळ्या आणि साखर, दुसरं काय असतं त्यात?

नाही, आई नाही बोलली मला. कशी बोलेल? मी विचारत होते, आबा गोड काय खातात. गुलकंद तिच्या लेखी औषधच. कपाटात औषधांच्या शेजारी ठेवला असेल… मी गोड शोधत होते गं, औषधं कशाला बघू?

थांब हं. थांब जरा, आठवू दे… गोळी सुरू झाली तेव्हा पिवळं झालं होतं. हो, पिवळं, मी आईला दाखवलंही होतं. विटकरी झालं ते तू गेल्यावर. म्हणजे पिवळ्यापर्यंत कुणी नेलं? गोळीनं की दुखण्यानं?… आणि पुढचं गुलकंदानं.

रडू नकोस. अगं रडू नकोस, तू मायेनंच दिलंस ना… तहान? हो, तांब्यावर तांब्या पाणी लागतं त्यांना. मला वाटलं गोळीनं तोंड सुकतंय. अंथरूण ओलं होतं तेव्हाही आम्ही म्हटलं, इतकं पाणी पितात, होणारच. आणि ही झोप…

हौसा, ही झोप गोळीची आहे कशावरून?

गेली वाटतं लाईट. थांबले लूम… आता बरोबर ऐकू येतं वरचं. थांब, आईला विचारते… आई… ए आई, आबांना हाक मार जरा… नाही, आत्ताच मार. जोरात… हलवून बघ.

हौसा, आहेस ना? आई म्हणते, सकाळपासून चहालाही उठले नाहीत. नुसता श्वास लागलाय, जोरजोरात… रोज हाक मारली की हूं तरी म्हणायचे गं. आज तेही नाही.

चाचा, रिक्षा रोको ना, जल्दी. आबा को अस्पताल ले जाना है… हाँ, आप भी चलो, उठाना पड़ेगा.

नाही, तू निघू नकोस लगेच, आधी मला नेऊ दे त्यांना… मला भीती वाटतेय हौसा, तुझ्याइतकीच. पण आता निदान डॉक्टरांना काय सांगायचं ते कळलंय… सगळंच सांगणार. गोळीही सांगणार, गुलकंदही सांगणार. गोळ्या आणि बरणी, दोन्ही पिशवीत टाकून नेते.

आणि ते पिवळं कशानं झालं, तेपण विचारणार आहे मी त्यांना. आबांनी आधी डोळे उघडू देत.

आली रिक्षा. ठेव… अगं ठेव ना हौसा, मला वर पळायचंय.