तोंडातली चावी

माझं कागदोपत्री नाव वर नोंदवलेलं आहे. कामावर सगळे पानेकाका म्हणतात. वय ५४ वर्षे, धंदा वीज उपकेंद्रात फिटर, राहणार उपकेंद्रामागची वसाहत, खोली सात. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

आज सकाळी नऊ वाजता मी आणि माझा मेहुणा, तोही फिटर, आम्ही ट्रान्सफॉर्मरचा टॅप चेंजर उघडायला घेतला. व्होल्टेज कमी-जास्त झालं की सावरून घेणारा तो भाग. त्याआधी मी स्विचच्या दांड्याला माझं कुलूप लावलं. कुलूप ज्याचं, चावी त्याच्याकडे. आत हात असताना कुणी वीज सोडू नये, म्हणून.

तेल काढलं. झिजलेले कॉन्टॅक्ट बदलले. बोल्ट सोडले होते बत्तीस, परत मोजले तर एकतीस.

दीड वाजता आमचे इंजिनिअर साहेब आले. म्हणाले, "तीनला वरिष्ठ पाहणीला येतायत. लाइन चालू करा."

मी म्हणालो, "एक बोल्ट सापडत नाही. आत राहिला असेल तर स्फोट होईल."

"एवढ्याशा बोल्टनं काय होतंय?"

सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या उपकेंद्रात असाच एक आत राहिला होता. त्या दिवशी ड्यूटी माझ्या थोरल्या भावाची होती. त्याबद्दल जास्त लिहू नये.

साहेबांनी चावी मागितली. मी ती तोंडात टाकली. मेहुणा ओरडला, "दाजी, गिळाल हं!" साहेबांनी पाच-सहा प्रश्न विचारले, मी उत्तर दिलं नाही. तक्रारीत याला उर्मटपणा म्हटलं आहे. तोंडात कुलपाची चावी धरून बोलता येतं का, हे कुणीही करून पाहावं.

बोल्ट शोधायला मेहुण्याला तेल फडक्यातून गाळत ठेवून साहेबांनी मला जीपमधून इथे ठाण्यात आणलं. सरकारी कामात अडथळा, अशी तक्रार दिली. लाइन बंद असल्यानं ठाण्यातले पंखेही बंद होते. हवालदारसाहेबांनी तक्रारीवर सही मागितली. साहेबांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं, त्याबरोबर बोल्ट टेबलावर पडला. अकरा वाजता काम बघायला आले तेव्हा तो हातात खेळवत होते, हे साहेबांना आत्ता आठवलं. मी चावी तोंडातून काढली आणि मोठ्यानं हसलो.

साहेब म्हणाले, "तक्रार मागे घेतो."

हवालदारसाहेब म्हणाले, "घाम पुसत एवढं लिहिलंय. आता पूर्ण होऊ द्या."

बोल्ट बसवून, तेल भरून, तपासून लाइन सोडायला अजून तीन तास लागतील.

जबाब खिडकीच्या उजेडात मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. फक्त 'हसलो' लिहिलंय तिथे 'खोकलो' करावं. साहेब अजून समोरच बसले आहेत.