चिरेखाणीभोवतीची भिंत

(कन्नूरकडच्या एका पंचायतीचं ऑफिस, संध्याकाळ. उद्या ग्रामसभा. टेबलाशी तिघं बसलीत: वॉर्ड मेंबर विलासिनी, मुलांच्या सभेची सोळा वर्षांची अध्यक्ष निमिषा, आणि ती सभा चालवणारे निवृत्त शिक्षक कुंजिरामन माश. विलासिनीला निमिषा चेची, म्हणजे ताई, म्हणते. चहा कधीचा गार झालाय.)

निमिषा: पण चेची, आम्ही भिंत मागितलीच नव्हती.

विलासिनी: नसेल मागितली. लागणार तर आहे ना? मुलांचा निधी मुलांच्या जिवासाठीच वापरतेय मी. घरी नेतेय का?

निमिषा: तसं कोण म्हणतंय? पण आमच्या सभेत पोहण्याचे वर्ग ठरले होते. आज येऊन मागण्यांची यादी बघते तर त्या जागी पाण्यानं भरलेल्या चिरेखाणीला भिंत. मला साधं विचारलंसुद्धा नाही.

विलासिनी: आता पोरीबाळींना विचारून कामं करायची का पंचायतीनं?

माश: त्यासाठीच तर ही सभा भरवतो आपण, विलासिनी. मेंबर झाल्यावर तूच हट्टानं सुरू केलीस. पहिल्या खेपेला केळ्याचे वेफर्सही तूच आणलेस, पदरच्या पैशानं.

विलासिनी: माश, तुम्ही मध्ये पडू नका. तुमचा मुलगा नाही गेला त्या पाण्यात.

माश: नाही गेला. पण अनूप माझ्या वर्गात होता. मलाही त्याचा बाक बघवत नव्हता.

विलासिनी: निमिषा, ऐक. उद्या मुलांच्या वतीनं तूच उभी राहणार. भिंतीचं वाच आणि खाली बस.

निमिषा: नाही वाचणार.

विलासिनी: मग दुसरं कुणी वाचेल.

निमिषा: वाचू दे. पण भिंत बांधून होणार काय? शाळा सुटली की पोरं तिच्यावर चढून आत उड्या टाकतील. आणि खाण काय एकच आहे? देवळाचं तळं आहे, नदी आहे. पावसात आमच्या शेतातसुद्धा छातीएवढं पाणी असतं. कशाकशाला भिंत घालणार तुम्ही?

विलासिनी: माझं पोर जिथं गेलं तिथं तरी घालू दे. वॉर्डात फिरताना रोज त्याच रस्त्यानं जाते मी. ते पाणी दिसतं. निवळशंख. जसं काही झालंच नाही. मला ते दिसायला नकोय, पोरी. पुरे झालं आता.

माश: आता कशी मनातलं बोललीस.

विलासिनी: मेंबरनं बोलू नये असं आहे का काही?

माश: बोल ना. मुलांच्या नावावर बोलू नकोस, एवढंच.

निमिषा: चेची, पोहण्याचं कुणी सुचवलं ते तुम्ही विचारलंच नाही.

विलासिनी: तूच. आणखी कोण असणार?

निमिषा: श्रीकुट्टीनं.

विलासिनी: कुठली श्रीकुट्टी?

माश: तुझी.

विलासिनी: काहीतरीच. तिला मी विहिरीच्या कठड्याजवळ फिरकू देत नाही.

निमिषा: ती सगळ्यांत मागे बसली होती. आपणहून उठली.

विलासिनी: काय म्हणाली?

निमिषा: जाऊ दे, चेची.

माश: सांग तिला. आई आहे ती.

निमिषा: म्हणाली, दादा बुडत होता तेव्हा त्याचे मित्र काठावर होते. त्यांना पोहता येत नव्हतं. मग अम्मा धावत आली. तिलाही येत नव्हतं.

विलासिनी: श्रीकुट्टी तिथं नव्हती. तिला शेजाऱ्यांकडे बसवून मी पळत सुटले होते.

निमिषा: ती तुमच्या मागोमाग आली होती.

विलासिनी: म्हणजे तिनं बघितलं मला. काठावर नुसती ओरडताना.

निमिषा: हो.

विलासिनी: आम्ही दोघी एका चटईवर झोपतो गं. कधी अक्षरानं बोलली नाही.

निमिषा: पाण्याचा विषय निघाला की अम्मा जेवत नाही, म्हणाली.

माश: विलासिनी, जरा बाहेर वाऱ्यावर जाऊन येतेस का?

विलासिनी: नको. निमिषा, खरं सांग. माझ्यावर रागावून बोलत होती?

निमिषा: नाही, चेची. राग कसला. चूक कुणाचीच नव्हती, म्हणाली. येतच नव्हतं कुणाला.

माश: रडू दे तिला, निमिषा. तू बस इथंच.

विलासिनी: शिकवणार कुठं?

निमिषा: देवळाच्या तळ्यात. माश विचारणार आहेत देवस्थानाला.

विलासिनी: शिकवायला बाई हवी. पुरुष ठेवलात तर निम्म्या पोरींना घरून सोडणार नाहीत.

निमिषा: बघते कुणी मिळते का.

विलासिनी: बघते नाही, मागणीतच घाल. दोर घाल, हवेच्या ट्यूब घाल. मोठं माणूस सोबत असल्याशिवाय एकही पोर पाण्यात उतरणार नाही, तेही घाल.

माश: आणि भिंत?

विलासिनी: भिंत मला हवीच आहे, माश. तिच्यासाठी मी वर जाऊन भांडेन. मुलांच्या वाट्यातून नको.

निमिषा: मग उद्या मी आमचंच वाचू ना?

विलासिनी: तू नको. श्रीकुट्टीला उभी कर. घरी मी तिला बोलू दिलं नाही, तिथं बसून ऐकते.