गुडघाभर पाण्यात जावई

गुडघाभर पाणी हो! गुडघाभर! आणि त्यात माणसं पोहत होती. रबराचे काळे कपडे, डोळ्यांना चष्मे, मनगटावर बशीएवढं घड्याळ, आणि म्हशीला लाज वाटावी असं नदीतल्या गोट्यांवर लोळणं. आणि मी होडीत बसलेला, कशाला तर म्हणे सुरक्षेला! कुणाच्या? गोट्यांच्या?

तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं ह्या नदीत माणसं इकडून तिकडे नेली. पूल झाला आणि मी घरी बसलो. आता वर्षातून एकदा हे शर्यतवाले मला नारिंगी जाकीट घालून होडीत बसवतात. ह्यांना आधी नदी पोहायची असते, मग सायकल हाणायची, मग पळायचं. सगळं एकाच सकाळी. मागं कुणी लागलंय का, असं मी एकाला विचारलंसुद्धा. नाही म्हणाला.

आदल्या दिवशी त्यांच्या मास्तरचं हॉलमध्ये भाषण. विषय काय, तर पोहताना उथळ पाणी लागलं तर काय करावं! तासभर! भिंतीवर चित्रं! मास्तर नाकातून बोलतो, 'मित्रांनो, बोटं तळाला टेकली की घाबरून जायचं नाही. उभं राहायचं. पाणी गुडघ्याएवढं असेल तर पाय उंच उचलत धावायचं. मांडीच्या वर असेल तर माशासारखी झेप घ्यायची...' आणि पोराबाळांचे बाप वहीत उतरवून घेतायत, उभं राहायचं! अहो, मी चौथीत शाळा सोडली, पण उभं राहणं मला त्याच्या बरंच आधी येत होतं.

वहीवाल्यांत पहिल्या रांगेत कोण? आमचे जावई. कचेरीत हेडक्लार्क. पोट असं की रबराचा कपडा चढवायला लेकीला आणि शेजारणीला मिळून अर्धा तास लागला. पन्नास मिनिटांत नदीबाहेर आलं नाही तर ह्या शर्यतीत सायकलीला हात लावू देत नाहीत. दोन वर्षं झाली, सायकल काठावर उभी आणि हे पाण्यात. तिसऱ्यांदा राहिलो तर सगळं सोडणार, असं घरात सांगून आलेले. लेक सकाळी माझा हात धरून म्हणाली, "बाबा, आजच्या दिवस ह्यांची चेष्टा नको. माझी शपथ आहे." मी म्हटलं, शपथ तर शपथ. आज खरं बोलेन.

आता इथंच घोळ आहे. लग्न झाल्यावर हे पहिल्यांदा घरी आले, तेव्हा मी म्हटलं, त्या खुर्चीचा पाय मोडलाय. बिचारे तासभर उभे राहिले. खुर्ची धडधाकट! पुढल्या खेपेला म्हटलं, बसा, खुर्ची एकदम मजबूत आहे. बसले ते खुर्चीसकट थेट जमिनीवर. तेव्हापासून जावई शहाणे झाले. मी छत्री घ्या म्हटलं की हे गॉगल घेतात.

तर वळणापलीकडे शंभर पावलं नुसता गोट्यांचा पट्टा. गुडघाभर पाणी! पोहणारे आधी जरा लोळले, मग एकेक उठून बगळ्यासारखे पाय उचलत पळाले. एक दातांची डॉक्टरीण तर तिघांना तुडवून गेली. मागं राहिले कोण? आमचे. हात मारला की गोटे खर्रकन वाजतायत, पोट घासतंय, गाडी जागची हलत नाही. माझ्या घड्याळात त्रेचाळीस मिनिटं झालेली.

मी होडीतून वाकून म्हटलं, "जावईबापू, उभे राहा. गुडघाभर पाणी आहे."

त्यांनी मान वर केली, मला बघितलं, आणि चेहरा पांढराफटक. "म्हणजे इथं डोह आहे!" असं म्हणून दुप्पट जोरानं हात मारायला लागले!

मी होडीतून उतरलो. पाण्यात उभा राहिलो, गुडघा दाखवला. तर म्हणतात, "मामा, तुम्ही दगडावर उभे आहात." आता ह्याला काय करणार? पंचेचाळीस मिनिटं. शेहेचाळीस. डोळ्यांसमोर लेकीचं तोंड दिसायला लागलं. म्हटलं, गेली शपथ खड्ड्यात. आणि दोन्ही हात हलवत बोंबललो, "उभे राहू नका! खोल आहे, बुडाल!"

टुणकन उभे राहिले.

आणि पळाले की हो! पोट सांभाळत, मास्तरनं सांगितलं तसे पाय उंच उचलत. चाळीस सेकंद राखून बाहेर. सायकल काढताना माईकवाल्यानं गाठलं, तर त्याला सांगतात काय, "सासरे मला घाबरवत होते, पण मी मन खंबीर ठेवलं." लोकांच्या टाळ्या! मास्तर माझ्याकडे आला, सुरक्षेच्या माणसानं अशी अफवा पसरवायची का, म्हणून जाकीट काढून घेतलं. आणि लेक? चार दिवस झाले, बोलत नाही. त्याच दिवशी सगळं पहिल्यापासून सांगितलं होतं तिला, खरं कधी बोललो, खोटं कधी बोललो, का बोललो. शांतपणे ऐकलं, आणि म्हणाली, "बाबा, निदान माझ्या शपथेवर तरी रचून सांगायचं नव्हतं."

आणि तुम्हीही तसेच. मघापासून माना डोलावताय, पण नजरा सांगतायत, म्हातारा फेकतोय. बरोबर आहे तुमचं. फेकतोय. आता ठेवा विश्वास.